नारळ दिलेला माणूस

साल दोन हजार तेवीस. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं, आता आपलं कुणाशी भांडण उरलेलं नाही.

आज सकाळपासून खाली पुन्हा चेंडू आपटतोय. धप्प, धप्प, मग जरा शांत, मग लोखंडी कडीवर ठण्ण. बास्केटबॉलचा हंगाम आला म्हणायचा. सिंगापुरात पावसाला हंगाम नाही, तो त्याच्या मनाला येईल तेव्हा येतो, अर्धा तास कोसळतो आणि काही झालंच नाही अशा थाटात निघून जातो. आंबा बारा महिने दुकानात. थंडी फक्त मॉलमध्ये. मग माणसानं वर्ष ओळखायचं कशावरून? मी या आवाजावरून ओळखतो. बुकित बातोकला आमच्या ब्लॉकच्या पायथ्याशी कोर्ट आहे, अकराव्या मजल्यावर खिडकीपाशी बसलं की चेंडूचा आवाज असा वर येतो, जणू कुणी दारच ठोठावतंय. आणि दार ठोठावलं की मला तो हंगाम आठवतो, आणि डेसमंड.

मी चौथी शिकलेला माणूस. चौथीही पुरती नाही, कारण परीक्षेच्या दिवसांत आमचं सगळं बिऱ्हाड धरणाच्या कामावर गेलं होतं. हे मी मान खाली घालून सांगत नाही. आम्ही वडार. दगड फोडणारी माणसं. ज्या धरणाचं पाणी पिऊन लोक शिकले, त्या धरणाचा दगड माझ्या बापानं फोडलेला आहे. मीही फोडला, नंतर रस्त्याच्या कामावर मुकादम झालो, आणि एकुलता एक पोरगा महेश, त्याला शिकवला. तो आता इथं बँकेत मोठ्या जागेवर आहे. बायको गेल्यावर त्यानं मला इकडं आणलं. मी लाँग टर्म पासवर राहतो, म्हणजे सरकार दर काही वर्षांनी विचारतं, हा म्हातारा अजून इथंच आहे का, आणि महेश सांगतो, आहे.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक तळं आहे. मागं उंच सरळ खडक, खाली हिरवं पाणी. लोक फोटो काढायला येतात. नव्यानं आलो तेव्हा नात, जुई, मला तिथं घेऊन गेली आणि म्हणाली, आजोबा, किती नॅचरल आहे ना. मी खडकाकडं पाहिलं आणि मला हसू आलं. नॅचरल कसलं, ही खाण. माणसांनी फोडलेली. काम बंद पडलं, पावसाचं पाणी साठलं, आणि लोक विसरले. मी खडकावर हात ठेवला. ऊन खाऊन तापलेला दगड, माझ्या गावचा नव्हता, पण पाहुणाही वाटला नाही. तिथंच बसून मी पोरीला आमचं सगळं सांगितलं, आम्ही कोण, कुठले, काय करत होतो. ती तेव्हा लहान होती. ऐकून तिनं एवढंच विचारलं, मग आपण स्ट्राँग आहोत का? मी म्हणालो, आहोत.

तर ती जुई चौदा वर्षांची झाली आणि तिला बास्केटबॉलचं वेड लागलं. इथल्या पैसे घेऊन खेळणाऱ्या एका क्लबानं आमच्या खालच्या कोर्टवर शनिवारी सकाळी मुलांना शिकवायला सुरुवात केली होती. शिकवायला यायचा तो डेसमंड. अमेरिकेचा, काळा. क्लबानं एका हंगामापुरता बाहेरून आणलेला खेळाडू. उंची एवढी, की पहिल्यांदा स्टेशनच्या लिफ्टमध्ये गाठ पडली तेव्हा मी त्याच्या सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीला गुड मॉर्निंग म्हणालो. त्यानं कंबरेत वाकून माझ्या तोंडाशी तोंड आणलं आणि उलटं गुड मॉर्निंग केलं. डेसमंड हे नाव माझ्या जिभेवर बसेना. मी त्याला देसाई म्हणू लागलो. जुईनं त्याला सांगितलं, की आमच्या भागात देसाई म्हणजे मोठी असामी. तो खूश झाला. आमच्या भागातले देसाई खूश झाले असते का, ते मला विचारू नका.

शनिवारी मी कोर्टच्या कडेला बाकावर बसायचो. खेळ मला अर्धाच कळायचा. पण शिकवणं कळायचं. कुणी पोर घाबरून चेंडू टाकून देई, तर तो ओरडत नसे. चेंडू उचलून तिच्याच हातात देई आणि समोर उभा राही. पुन्हा ये. पुन्हा. मी बाकावरून मराठीत ओरडायचो, अगं खांदा लाव, खांदा. तो विचारायचा, काय म्हणतात आजोबा? जुई सांगायची, आजोबा म्हणतात तुम्ही चूक आहात, लाह. वाक्याला शेवटी लाह जोडायची इथली सवय तिलाही लागलेली. मग तो माझ्याकडं बघून हात जोडायचा. आमचं बोलणं सगळं असंच, पोरीच्या तोंडून, नाहीतर खुणांनी.

मला खांदा लावणं शिकवलं ते कबड्डीनं. आमच्या वस्तीचा संघ होता. नारळाच्या दोरीसारखी पोरं, जेवण कमी आणि अंगात आग जास्त. दिवसभर घण मारायचा आणि संध्याकाळी मैदान. आत शिरताना चिमूटभर माती कपाळाला लावायची. मी पकडीला उभा राहायचो. एकदा माझ्या हातात घोटा आला की तो माणूस मध्यरेषेपर्यंत पोचत नसे. शेजारच्या गावात पाटलांचा मुलगा होता, तोही पकडीला. तोही माझ्यासारखाच, अंगावर धाडकन पडणारा. त्यानं कुणाला आडवा केला की कर्ण्यावरून आवाज यायचा, वाघ आहे वाघ. मी तेच केलं की तोच आवाज म्हणायचा, अरे आवरा त्या वडाराला, जीव घेईल कुणाचा.

पकड तीच. मैदान तेच. पडलेला माणूस दोन्ही वेळा उठून अंग झटकायचा आणि हसत जायचा.

इंग्रजांच्या राज्यात आमच्यातल्या काही लोकांना जन्मल्या जन्मल्या गुन्हेगार ठरवत. तो कायदा गेला, पण गावाच्या जिभेवरून गेला नाही. बाजारात जाताना आई सांगायची, हात दिसतील असे ठेव. कोपरी घालायची, तिला खिसे नाहीत. दुकानापुढं उभं राहायचं तर हात पुढं, बोटं उघडी. मला ते एवढं अंगवळणी पडलं, की आजही इथल्या दुकानात भाजी निवडताना माझे हात आपोआप पुढं असतात. सून मेघा म्हणते, अण्णा, तुम्ही काय देवाला नैवेद्य दाखवताय का?

एका शनिवारी शिकवणी संपल्यावर पाऊस आला आणि आम्ही तिघं ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाशी बसलो. कॉफी घेतली. देसाईचा हात कपाभोवती असा बसला, की कप दिसेचना. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की लिफ्टमध्ये तो शिरला की काही बायका पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात. त्यांना वाटतं, त्याला दिसत नाही. मग तो भिंतीकडं तोंड करून उभा राहतो आणि दोन्ही हात समोरच्या दांडीवर ठेवतो. लहानपणी त्याच्या आईनं शिकवलेलं. हात दिसू देत बाळा, असं.

जुईनं मला हे मराठीत सांगितलं. मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले, बोटं उघडी. तो बघत राहिला. मग जुईनं माझ्या आईचं त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला आणि म्हणाला, तुमचा हात जास्त खराब आहे. मी म्हणालो, मी दगड फोडलेत, तू नुसता चेंडू आपटलास. तो एवढा हसला की पलीकडं पत्ते खेळत बसलेले चिनी म्हातारे वळून बघू लागले.

त्या वर्षी गणपतीला मी त्याला नारळ दिला.

हे जरा सांगावं लागेल. बुकित बातोकच्या आसपासची मराठी घरं मिळून एक गणपती बसवतात, एका काँडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये. सात दिवस. त्यातल्या रविवारी मुलांच्या खेळांची बक्षिसं. सगळ्यात वयानं मोठा मी, म्हणून मला दोन मान. एक म्हणजे त्या दिवशीच्या सकाळच्या आरतीचं ताट पहिलं माझ्या हातात. दुसरा, बक्षिसं द्यायला पाहुणा कोण, ते मी सांगायचं. त्याआधी दर वर्षी मी कुणातरी साहेबाचं नाव घ्यायचो, महेश सुचवील त्याचं. या खेपेला मी म्हणालो, देसाई. सगळे आनंदले. खरा खेळाडू येणार, पोरं उड्या मारू लागली. समितीचे अध्यक्ष दामले, बँकेतले, हुशार, बोलायला गोड, ते तर म्हणाले, अण्णा, यंदा तुम्ही सिक्सर मारलात.

आमच्या भागात कबड्डीच्या सामन्यांना बोलावणं जायचं ते नारळानं. ज्या गावाचे सामने, ते गाव दुसऱ्या गावांना नारळ पाठवायचं. नारळ घेतला की संघानं जायचंच, पाऊस असो, पेरणी असो. आणि ज्यानं नारळ दिला, त्यानं आलेल्यासमोर दार लावायचं नाही. कागदबिगद काही नाही. एवढ्यावर सगळं चालायचं. म्हणून मी लिटल इंडियातून चांगला शेंडीचा नारळ आणला, हळदकुंकू लावलं आणि देसाईच्या दोन्ही हातांत दिला. जुईनं त्याला सांगितलं, की हे आमंत्रण आहे.

त्याला आमंत्रण कळलं, नारळ कळला नाही. तो घेऊन गेला हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथं, शहाळी फोडून देणाऱ्या माणसाकडं, आणि म्हणाला, याला भोक पाडून द्या. त्या माणसानं नारळ हलवून पाहिला, शेंडी पाहिली, कुंकू पाहिलं आणि हात जोडून परत दिला. पुढच्या शनिवारी देसाईनं मला हे सांगितलं आणि विचारलं, मी काय चुकलो? मी म्हणालो, काही नाही, सांभाळून ठेव. तेव्हापासून तो नारळ त्याच्या घरी टीव्हीशेजारी होता.

मग देसाईच्या क्लबाचा तो सामना झाला. मी आणि जुई स्टेडियममध्ये होतो. पाहुण्या संघातही बाहेरून आणलेला एक खेळाडू होता, गोरा, सोनेरी दाढीचा, देसाईएवढाच आडदांड. दोघं सारखे एकमेकांना भिडत होते. शेवटी शेवटी कडीखाली दोघं उडाले, खाली आले, आणि धक्काबुक्की सुरू झाली. कुणी आधी ढकललं? मला नाही सांगता येणार. कोपर दोघांचं लागलं. छातीवर हात दोघांनी मारला. लोक मध्ये पडले. पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं. पंचांचा न्याय सरळ होता, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी जुईला सांगत होतो, की बघ, पकडीचा खेळ असाच असतो, अंगाला अंग लागलं की डोकं तापतं, घटकाभरात निवतं.

दुसऱ्या दिवशी त्या धक्काबुक्कीचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता. पुरा होता, काही कापलेलं नव्हतं. म्हणून तर मला जास्त राग आला. लोकांनी दोघांचे हात पाहिले होते आणि तरी त्यांना एकाचेच दिसले. जुईला मी म्हणालो, खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाच. ती वाचून मराठीत सांगू लागली. त्या दाढीवाल्याबद्दल लिहिलं होतं, काय जिगर आहे, पेटून खेळतो, असा माणूस संघात पाहिजे. देसाईबद्दल लिहिलं होतं गुंड. लिहिलं होतं जनावर. असल्यांना आणताच कशाला, मुलं बघतात. एका शब्दाला ती अडली आणि फोन पालथा ठेवला. मी आग्रह केला नाही. असले शब्द मला भाषा येत नसतानाही कळतात.

वाघ आहे वाघ. आवरा त्या वडाराला. तोच कर्णा. फक्त आता तो प्रत्येकाच्या खिशात होता.

शनिवारी कोर्टवर निम्मी मुलं आली. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी कमी. देसाईनं नेहमीसारखं शिकवलं. जाताना तो लिफ्टसमोर उभ्या माणसांजवळून गेला नाही, जिन्याजवळून वळसा घालून पावसात गेला. मी बाकावर बसून ते पाहिलं. त्या क्षणी माझ्या मनात काहीतरी टणक झालं. वडाराला दगडाची नस कळते म्हणतात. दगड कुठं फुटेल ते कळतं, आणि कुठला फुटणार नाही तेही.

गणपती बसले. बक्षिसांच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फंक्शन रूममध्ये समितीची बैठक. एका बाजूला बायका रांगोळीचे रंग चाळत होत्या. काँडोच्या नियमामुळे कापूर लावायला बंदी, धुरानं छतावरची घंटा वाजते, म्हणून ताटात एकच बारीक वात, तिच्यावरून चर्चा चालली होती. ती संपवून दामल्यांनी घसा साफ केला.

त्यांनी फार व्यवस्थित मांडलं. माणूस वाईट नसेल. आपला कुणाला विरोध नाही. पण काही पालक अस्वस्थ आहेत, मुलांसमोर आपण काय ठेवतो याचा विचार हवा, शिवाय बाहेरच्या देशात आपण जपून राहायला हवं. तर यंदा बक्षिसं काँडोच्या कमिटीच्या बाईंच्या हस्ते देऊ, आणि त्याला आजच एक नम्र मेसेज पाठवू. सगळ्यांनी माना हलवल्या. महेशनंही हलवली. हलवली म्हणजे, हलवल्यासारखी केली.

मी विचारलं, "दामले, तो दाढीवाला आला असता बक्षिसं द्यायला, तर चाललं असतं का?"

दामले म्हणाले, "अण्णा, तो वेगळा. तो जरा तापट आहे, एवढंच."

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. मागून कुणीतरी हसण्यावारी न्यायला बघितलं, म्हणालं, अहो त्याचा देह बघा ना, बघूनच भीती वाटते. मी म्हणालो, भीती तुम्हाला वाटते आणि दोषी तो, हे कुठल्या कोर्टात चालतं?

दामले दर वर्षी जेवणाच्या पंगतीत एक गोष्ट सांगतात. ते नवे आले तेव्हा घर भाड्यानं मिळेना. एजंट फोनवर गोड बोलायचा आणि नाव ऐकलं की म्हणायचा, मालकाला इंडियन नको, मसाल्याचा वास येतो. हे सांगताना ते स्वतः हसतात आणि सगळे हसतात. मीही हसलेलो आहे. त्या दिवशी मी त्यांना त्याची आठवण करून दिली. म्हणालो, त्या मालकानं तुमच्या हातचं जेवण चाखलं होतं का? दामल्यांचा चेहरा उतरला. मला त्याचं वाईट वाटलं, पण मी थांबलो नाही.

मग मी त्यांना माझं सांगितलं. मी बावीस वर्षांचा होतो. पाटलांच्या गावाहून आमच्या वस्तीला नारळ आला. पहिल्यांदाच. बापानं तो नारळ घरोघर दाखवला. आम्ही सगळी पोरं चालत गेलो, पोचलो, कपाळाला माती लावली, आणि पंच मला बाजूला घेऊन म्हणाले, तू सोडून बाकीचे खेळा. तुझ्याबद्दल तक्रार आहे, तू मारामारी करतोस. मी कुणाशी मारामारी केली, विचारलं. म्हणाले, केली नसशील, पण करशील, तुमच्या जातीचं काय सांगावं. माझ्या संघानं त्यांचा नारळ मध्यरेषेवर ठेवला आणि आम्ही सगळे परत फिरलो.

"मी वडार आहे," मी म्हणालो. "आमच्यातल्यांना सरकार जन्मापासून चोर म्हणायचं. हे तुम्हाला माहीत नव्हतं, कारण तुम्ही कधी विचारलं नाही आणि आमच्या महेशनं सांगितलं नाही. आता माहीत झालं. नारळ मी दिलाय. तो परत मागणारा मी नव्हे."

महेश जमिनीकडं बघत होता, कानाच्या पाळ्या लाल. मला ठाऊक होतं मी काय केलं. इथं सगळे त्याला पुण्याचा समजत. त्यानं खोटं कधी सांगितलं नव्हतं, नुसतं कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. त्याचंही चुकलं असं मी म्हणत नाही. ज्यानं कर्णा ऐकलाय, तो आपल्या पोराला कर्ण्यापासून लांबच ठेवतो.

शेवटी दामले हळू म्हणाले, की ठरलंय ते ठरलंय, बक्षिसं बाईंच्याच हस्ते, पण मेसेजचं मात्र बघावं लागेल. मी म्हणालो, मेसेज नको, उद्या सकाळी मीच त्याच्याकडं जातो. त्यांना हायसं वाटलं. त्यांना काय वाटलं ते मला समजलं, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

आम्ही घरी चालत निघालो. ट्रॅफिक लाइटपाशी हिरवा दिवा लागला तरी महेश उभाच. मग म्हणाला, "अण्णा, तुम्ही पासवर आहात इथं. मी इथं लोकांच्यात राहतो. आणि जुईला मी अजून हे काहीच सांगितलं नव्हतं."

जुई आमच्या मागं होती. ती म्हणाली, "बाबा, मला कधीचं माहितीये. आजोबांनी त्या क्वारीवर सांगितलं होतं. सो लाँग अगो लाह."

महेशनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दिवा पुन्हा लाल झाला होता. आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो, दुसऱ्या हिरव्याची वाट बघत.

या दोन वर्षांत मी त्या संध्याकाळचा पुष्कळ विचार केला. देसाई आता इथं नाही. बाहेरून आणलेला खेळाडू एका हंगामाचा पाहुणा, तो दुसऱ्या देशात दुसऱ्या क्लबात गेला. अधूनमधून जुईच्या फोनवर दिसतो, हात हलवतो. खाली आता दुसराच कोणी शिकवतो, चांगला आहे, पण समोर उभा राहून पुन्हा ये म्हणत नाही. लोक मला विचारतात, अण्णा, खेळात मारामारी चालते का हो तुम्हाला? नाही चालत. ज्यानं ढकललं त्याला बाहेर काढा, दोघांनी ढकललं तर दोघांना काढा. पण पंचांनी शिट्टी वाजवून न्याय केल्यावर घरी बसून ज्यांनी दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली, आणि ती एकाच रंगासाठी, त्यांचं काय? अंगाची ताकद ज्याची त्याची असते. तिला वाघ म्हणायचं की जनावर, हे बघणारा ठरवतो, आणि तो ते खेळ सुरू व्हायच्या आधीच ठरवून आलेला असतो. मला हे कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. मी दोन्ही शब्द ऐकत वाढलो, एक दुसऱ्यासाठी आणि एक माझ्यासाठी.

त्या रात्री मी ट्रंकेतून फेटा काढून उशाशी ठेवला आणि झोपलो. झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून पांढरं धोतर नेसलो आणि फेटा बांधला. लग्नाकार्यालाच बांधतो, पण पाहुण्याला मानानं आणायला जायचं तर डोकं उघडं नको. मेघानं चहा देताना फेट्याचा शेमला सरळ केला. जुई चपला घालून दारात उभी होती. महेशच्या खोलीचं दार बंद होतं.

देसाईच्या काँडोच्या फाटकावर गार्डनं माझा फेटा पाहून विचारलं, कुठला कार्यक्रम? मी म्हणालो, माझा. देसाई खाली आला, चड्डीवर, डोळ्यांत झोप. त्याला वाटलं कुणी गेलं का काय. मी जुईला सांगितलं, याला सगळं खरं सांग. ती सांगत गेली, काही लोकांना तुम्ही नको आहात, आजोबांना हवे आहात, बक्षिसं द्यायला बहुतेक मिळणार नाहीत, तरी आजोबा न्यायला आलेत. तो ऐकत राहिला. मग त्यानं मला विचारलं, "यानं तुम्हाला त्रास होईल?"

मी म्हणालो, "होऊ दे."

त्यानं हात वर करून थांबा असं दाखवलं आणि आत गेला. परत आला तेव्हा इस्त्रीचा सदरा होता आणि दोन्ही हातांत तो नारळ. शेंडी वाळली होती, कुंकू अजून होतं.

आम्ही चालत गेलो. फंक्शन रूमच्या दाराशी त्यानं बूट काढले, ते एवढे मोठे की बाकीच्या चपलांत दोन होड्या लागल्यासारखे दिसत होते. आत सगळे आरतीसाठी उभे होते. आम्हाला पाहिलं आणि बोलणं थांबलं. दामल्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. देसाई मागं भिंतीशी जाऊन उभा राहिला, नारळ छातीशी धरून, दोन्ही हात दिसतील असा.

रिवाजाप्रमाणं ताट माझ्या हातात आलं. वात लावलेली होती. मी गणपतीला नमस्कार केला, वळलो, आणि माणसांतून वाट काढत भिंतीपर्यंत गेलो. त्याच्या हातातला नारळ घेतला, जुईकडं दिला, आणि ताट त्याच्या हातांत ठेवलं. दंडाला धरून त्याला पुढं आणला. लोकांनी वाट दिली, काहींनी मनापासून, काहींनी द्यावी लागली म्हणून. त्यानं खाली वाकून हळूच मला विचारलं, कुठून कुठं फिरवायचं. मी बोटानं हवेत गोल काढून दाखवला. तो फिरवू लागला, अगदी सावकाश, एवढासाही धूर वर जाऊ नये अशा बेतानं.

पण आरती कुणी म्हणेना. ज्योत फिरत होती आणि खोली मुकी होती. माझा गळा कधीच चांगला नव्हता, तरी मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून, दाराकडून, एक आवाज उठला, बेसूर, घाईघाईनं आल्यामुळं धापा टाकणारा. तो महेशचा होता. त्याच्या मागून जुईचा. मग एकेक.

मी मागं वळून पाहिलं नाही. दोन्ही हात वर केले, बोटं उघडी, आणि जोरानं टाळ्यांचा ठेका धरला.